कॉलेजचे अकरा गडी

भाद्रपदांतला पाऊस शेवटची एखादी सर टाकून मागें सरूं लागला, गणपतींचें विसर्जन झालें, गिरगांव चौपाटीवरची वाळू पुन्हां कोरडी दिसूं लागली, कीं मुंबईंतल्या कॉलेजांच्या जिमखान्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. कोपऱ्यांत पडलेलीं जाळीं बाहेर येतात, बॅटीला जवसाचें तेल चोळलें जातें, आणि सूचनाफलकावर एक साधा कागद लागतो : अमुक दिवशीं, अमुक वाजतां, क्रिकेटच्या संघाची निवड. त्या कागदापुढें उभे राहून विद्यार्थी जी चर्चा करतात ती ऐकण्यासारखी असते. गेल्या वर्षींचा सलामीचा फलंदाज पदवी घेऊन नोकरीला लागला. डावखुरा गोलंदाज परीक्षेंत अडकला. शाळेंत ज्याचें नांव झालें तो नवा मुलगा आपल्याकडे आला, कीं पलीकडच्या कॉलेजांत गेला? हंगामापूर्वींचा हा काळ मोठा गोड असतो. एकही सामना झालेला नसतो, म्हणून एकही पराभव झालेला नसतो.

आजच्या भाषणांत मला या जिव्हाळ्याचा इतिहास सांगावयाचा आहे. कॉलेजच्या संघाची पाठ धरणें ही वरवर पाहतां पोरवयाची हौस. परंतु मुंबई शहरांत या हौसेला एक विशेष अर्थ प्राप्त झाला आहे. आणि तो नीट उमगावयाचा तर या शहरानें आपला पक्ष निवडण्याच्या कोणकोणत्या तऱ्हा अनुभवल्या, हें आधीं पाहिलें पाहिजे.

विद्यापीठांच्या सामन्यांची प्रथा जगांत जुनी आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यांतला पहिला क्रिकेटचा सामना १८२७ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. अमेरिकेंत ६ नोव्हेंबर १८६९ या दिवशीं रट्गर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचे पंचवीस-पंचवीस गडी फुटबॉल खेळण्यासाठीं समोरासमोर उभे राहिले. रट्गर्सनें तो सामना सहा विरुद्ध चार असा जिंकला, आणि तेव्हांपासून त्या देशाला कॉलेजच्या फुटबॉलचें जें वेड लागलें तें अद्याप ओसरलेलें नाहीं. शरद ऋतु आला कीं लाख लाख प्रेक्षकांचीं क्रीडांगणें तेथें भरून जातात, आणि कॉलेज सोडून चाळीस वर्षें झालेला गृहस्थही आपल्या कॉलेजचा रंग अंगावर मिरवीत घराबाहेर पडतो. आपल्या देशांत कलकत्त्यास फुटबॉल रुजला तोही विद्यार्थ्यांच्याच पायांनीं. १८७७ च्या सुमारास नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नांवाच्या शाळकरी मुलानें गोऱ्या शिपायांच्या चेंडूला एकदां लाथ मारून पाहिली, आणि मग मित्रांना जमवून स्वतःचाच खेळ मांडला, ही कथा बंगाल्यांत आवडीनें सांगतात.

मुंबईंत मात्र फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ, आणि बराच काळपर्यंत पलटणींचा खेळ. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर पहिलें नांव लागलें तें वूस्टरशायर पलटणीचें. आणि हिंदी खेळाडूंच्या एखाद्या संघानें तो चषक जिंकण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो पटकावला. साहजिकच मुंबईच्या विद्यार्थ्याचें मन गुंतलें तें फुटबॉलमध्यें नव्हे, क्रिकेटमध्यें. येथें कॉलेजच्या संघाचा हंगाम म्हणजे क्रिकेटचाच हंगाम.

आणि मुंबईचें क्रिकेट तर वाढलें तें जातवारीनें. १८४८ सालीं पारशी तरुणांनीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८६६ सालीं हिंदूंचा युनियन क्लब निघाला. पुढें पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि हिंदु जिमखाना अशा संस्था एकापाठोपाठ उभ्या राहिल्या, आणि समुद्राच्या कडेनें त्यांचीं मैदानें शेजारीशेजारीं आंखलीं गेलीं. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ सालीं हिंदू येऊन मिळाले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमान आले आणि ते चौरंगी झाले. १९३७ सालीं ‘इतर’ या नांवाखालीं उरलेल्या सर्वांची मोट बांधण्यांत आली आणि ते पंचरंगी झाले.

हे सामने म्हणजे मुंबईचा एक उत्सव असे, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. त्या दिवसांत शहराचें लक्ष धंद्यांत, कचेरींत वा वर्गांत लागत नसे. मुंबईंत नभोवाणी १९२७ सालींच आली होती. १९३४ सालच्या चौरंगी सामन्याच्या वेळीं बॉबी तल्यारखान यांनीं मैदानावरून खेळाचें धांवतें वर्णन केलें, आणि क्रिकेट कानांनींही पाहतां येतें हा शोध आपल्या लोकांना लागला. ज्यांना मैदानांत जागा मिळाली नाहीं ते रेडिओभोंवतीं जमूं लागले.

परंतु या उत्सवांत प्रत्येक प्रेक्षकाचा पक्ष त्याच्या जन्मापूर्वींच ठरलेला असे. खेळ कोणता सुंदर, फटका कोणाचा डौलदार, हें पाहण्यापूर्वीं आपण कोणाचे हें त्याला ठाऊक असे. टाळी वाजविणारा हात कोणाचा, हें पाळण्यांतच नक्की झालेलें.

बरें, जन्मानें मिळालेल्या त्या पक्षांत तरी सर्वांना सारखी जागा होती काय? पालवणकर बाळू यांची हकीगत या प्रश्नाचें उत्तर देते. अस्पृश्य मानलेल्या चांभार जातींत जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज आपल्या काळांतला हिंदुस्थानचा सर्वांत मोठा फिरकी गोलंदाज होता. पुण्यास त्याच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत असे. पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांतून मिळे. १९११ सालीं जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यांत बाळूंनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदु संघाचें रीतसर कप्तानपद त्यांच्या वांट्याला कधीं आलें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें, तेंही १९२३ सालीं, बराच वाद होऊन गेल्यावर. जन्माच्या पक्षाला आंतूनही जन्माच्याच पायऱ्या होत्या.

आणि ज्यांचा जन्म कोणत्याच चौकटींत बसला नाहीं, त्यांचें काय? विजय हजारे हे सांगलीचे. घरची भाषा मराठी, धर्म ख्रिस्ती. म्हणून पंचरंगी सामन्यांत त्यांची गणना झाली ‘इतरां’त. १९४३ सालीं ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदूंच्या विरुद्ध इतरांनीं ३८७ धांवा काढल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. ज्या फलंदाजाला सारा महाराष्ट्र आपला म्हणण्यास उत्सुक असावयाचा, त्याला मुंबईच्या धांवफलकावर नांव होतें ‘इतर’.

श्रोतेहो, याच काळांत, याच शहरांत, आणि बहुधा याच मैदानांवर दुसऱ्या एका रीतीनेंही संघ बनत होते. एल्फिन्स्टन, चौपाटीसमोरचें विल्सन, धोबी तलावाजवळचें सेंट झेवियर, १९१३ सालीं निघालेलें सिडनहॅम, अशा कॉलेजांचे हे संघ. त्यांत जागा मिळण्यास जन्माचा दाखला लागत नसे. लागे तें कॉलेजचें प्रवेशपत्र आणि हातांतला खेळ. पारशी यष्टिरक्षकाच्या हातांत सारस्वत गोलंदाजाच्या चेंडूवर झेल जाई. गोव्याकडचा ख्रिस्ती विद्यार्थी आणि खोजा व्यापाऱ्याचा मुलगा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हांक देत धांव काढीत. ती हांक वेळेवर दिली नाहीं तर दोघांपैकीं एक बाद होई आणि नुकसान दोघांचेंही होई. समाजसुधारणेचीं व्याख्यानें त्या वेळीं पुष्कळ झालीं. पण दुसऱ्याच्या हांकेवर विश्वास ठेवून धांवत सुटण्याचें शिक्षण क्वचितच कोणी दिलें असेल.

एकाच तरुणाच्या पेटींत मग दोन टोप्या असत. विजय मर्चंट हे सिडनहॅम कॉलेजचे विद्यार्थी आणि हिंदु संघाचेही थोर फलंदाज. एक टोपी त्यांना कुळानें दिली, दुसरी कॉलेजनें. कुळाच्या टोपीसाठीं स्टेडियम भरे; कॉलेजच्या टोपीसाठीं दोरीपलीकडे उभे असत ते वर्गमित्र, चार-दोन प्राध्यापक आणि मैदानावरून घरीं निघालेला एखादा वाटसरू. परंतु या दोन गर्दींत भेद केवळ संख्येचा नव्हता. पहिल्या गर्दींतला मनुष्य ‘मी कोण’ याचें उत्तर घेऊन आलेला असे. दुसऱ्या गर्दींतला तें उत्तर नव्यानें शिकत असे.

येथें अतिशयोक्तीचा मोह आवरला पाहिजे. कॉलेज म्हणजे कांहीं भेदरहित नंदनवन नव्हे. जेवणाच्या पंक्ती पुष्कळ ठिकाणीं वेगळ्याच राहिल्या. मुली वर्गांत आल्या, पण मैदानावर त्यांना जागा मिळण्यास फार काळ जावा लागला. भारतांतल्या महिला क्रिकेटची राष्ट्रीय संघटनाच मुळीं १९७३ सालची. आणि सर्वांत मोठा प्रश्न प्रवेशपत्राचाच. परळला १९२६ पासून सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय कॉलेज उभें होतें. पण गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवे, त्या लालबाग-परळच्या चाळींतलीं किती मुलें कोणत्याही कॉलेजच्या दारापर्यंत पोंचत? दार सर्वांना उघडें असून चालत नाहीं. दारापर्यंतची वाट परवडावी लागते. तथापि जन्माच्या पक्षांत आणि प्रवेशपत्राच्या पक्षांत एक मूलभूत अंतर आहे. प्रवेशपत्राचा पक्ष आज वाढत नसेल, तरी तो वाढवितां येतो. जन्माचा पक्ष वाढवितां येत नाहीं.

देशाच्या राजकारणाची झळ मैदानाला लागल्यावांचून राहिली नाहीं. कायदेभंगाच्या चळवळींत १९३० ते १९३३ हीं वर्षें चौरंगी सामने झालेच नाहींत. १९३४ सालीं ते पुन्हां सुरू झाले. पण त्याच हंगामांत प्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा निघाली, आणि पुढच्याच हंगामांत विद्यापीठांची स्पर्धा सुरू झाली. या दुसऱ्या स्पर्धेचा चषक मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनीं, अर्देशिर बारिया यांनीं, आपल्या रोहिंटन नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ दिला. पित्याचें दुःख जातीच्या जिमखान्याला अर्पण न होतां देशांतल्या सर्व विद्यापीठांच्या मुलांना अर्पण झालें, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मग डिसेंबर १९४० उजाडला. युरोपांत युद्ध पेटलेलें, इकडे वैयक्तिक सत्याग्रहांत पुढारी तुरुंगांत चाललेले, आणि मुंबईंत पंचरंगी सामन्यांची तयारी. या वेळीं खेळावें कीं न खेळावें, हा पेंच घेऊन हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींकडे गेले. देश दुःखांत असतांना करमणूक नको, हें तर गांधीजींनीं सांगितलेंच. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. मुंबईच्या जनतेनें आपल्या खेळाच्या रीतींतून जातीय सामनेच काढून टाकावे, असें त्यांनीं सुचविलें. आणि त्यांचें पुढचें म्हणणें आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. कॉलेजाकॉलेजांतले, संस्थांसंस्थांतले सामने आपल्याला समजूं शकतात. परंतु हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठीं हें आपल्याला कधींच समजलें नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

म्हणजे शहरांतल्या मोठ्या सोहळ्याला पर्याय म्हणून गांधीजींनीं बोट दाखविलें तें कॉलेजच्या साध्या मैदानाकडे. क्रिकेटचे ते कांहीं शौकीन नव्हते. पण पक्ष धरावा तर कोणत्या पायावर, हा प्रश्न त्यांना अचूक दिसला.

या सल्ल्यावर मुंबईंत फार वाद झाला. पंचरंगीच्या विरोधकांनीं वृत्तपत्रांतून झोड उठविली. तर कैवाऱ्यांचें म्हणणें असें कीं, मैदानावरची चुरस निर्मळ असते आणि तिनें मनें दुभंगत नाहींत, उलट जुळतात. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. १९४४ सालच्या अंतिम सामन्यांत मुसलमान संघानें हिंदु संघाला अवघ्या एका गड्यानें हरविलें. सलामीला आलेले के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. आणि हेच इब्राहिम रणजी सामन्यांत मर्चंटांच्या बरोबर मुंबईसाठीं खेळत. खेळाडूंचीं मनें खरोखरच मोठीं होतीं. प्रश्न खेळाडूंच्या मनांचा नव्हता. प्रेक्षकाला दरवर्षीं कोणता धडा गिरवावयास लावावयाचा, हा होता. १९४६ नंतर पंचरंगी सामने झाले नाहींत. पुढच्या वर्षीं देशाचे जे तुकडे झाले, ते पाहिल्यावर त्या धड्याची आठवण अनेकांना नकोशी झाली असेल.

या स्थित्यंतराची सगळी कथा एका खेळाडूच्या तरुणपणांत सामावली आहे. पॉली उम्रीगर हे सोलापुरास १९२६ सालीं जन्मले. अठराव्या वर्षीं, १९४४ सालीं, त्यांनीं पंचरंगी सामन्यांत पाऊल टाकलें तें पारशी संघाकडून. पुढें ते मुंबई विद्यापीठाच्या संघाचे कप्तान झाले. आणि १९४८ सालीं वेस्ट इंडीजचा संघ स्वतंत्र भारताच्या पहिल्या दौऱ्यावर आला, तेव्हां संयुक्त विद्यापीठांच्या संघांतून खेळतांना त्यांनीं नाबाद ११५ धांवा काढल्या. त्याच हंगामांत ते कसोटी संघांत गेले. चार वर्षांच्या अवधींत या तरुणानें एक टोपी उतरविली, दुसरी घातली आणि तिसरी मिळविली. जातीकडून देशाकडे जाणारी वाट मधल्या मुक्कामीं विद्यापीठावरून गेली.

याच सुमारास शहराचा भूगोलही बदलत होता. गिरगांवांतल्या चाळींची दाटी सोडून मध्यम स्थितींतलीं कुटुंबें दादर-माटुंग्याच्या मोकळ्या हवेंत बिऱ्हाडें करूं लागलीं. महानगरपालिकेनें १९२५ सालीं तिकडे जें विस्तीर्ण मैदान खुलें केलें, त्याला १९२७ सालीं शिवाजी पार्क हें नांव मिळालें. कॉलेजेंही लोकांच्या पाठोपाठ उत्तरेकडे सरकलीं. माटुंग्यास १९३७ सालीं रुईया कॉलेज आणि १९४१ सालीं त्याच शिक्षणसंस्थेचें पोदार कॉलेज निघालें. दादरला १९५४ सालीं कीर्ति कॉलेज आलें. रुईया व पोदार हीं एकाच घरचीं भावंडें. पण मैदानावर त्यांची चुरस अशी कीं, सामन्याच्या दिवशीं वर्ग ओस पडावे. ज्या आईबापांनीं चौरंगीसाठीं धोतर सांवरीत मैदान गांठलें होतें, त्यांचींच मुलें आतां ‘आमचें कॉलेज’ म्हणून ओरडूं लागलीं. हा बदल कोणी ठराव करून घडविला नाहीं. तो घरांत हळूहळू, एका पिढीच्या ओरडण्यांतून दुसऱ्या पिढीच्या ओरडण्यांत झाला.

प्रवेशपत्राची वाटही थोडी रुंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें, तें सकाळच्या वेळीं भरे. हेतु हा कीं, पोटासाठीं नोकरी करणाऱ्या तरुणालाही कचेरीपूर्वीं शिकतां यावें. बाळूंच्या काळीं खेळ मान्य पण माणूस अमान्य, अशी स्थिति होती. आतां माणसासाठीं दार आधीं उघडलें, खेळ त्याच्यामागून आला.

कॉलेजच्या संघाची पाठ धरण्यांत गंमत कशाची, असें कोणी विचारील. येथें तिकीट नाहीं, गाद्यांच्या खुर्च्या नाहींत. आझाद मैदानावर एकाच वेळीं इतके सामने चालतात कीं, एका सामन्यांतला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यांतल्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो; नवख्या प्रेक्षकाला आपला चेंडू कोणता हेंच प्रथम शोधावें लागतें. पण या साधेपणांतच त्याचें मर्म आहे. येथें नशीब फार जवळून पाहावयास मिळतें. अजित वाडेकर आपली गोष्ट सांगत असत : कॉलेजांत असतांना बाळू गुप्ते यांनीं त्यांना विचारलें, संघांत बारावा गडी कमी आहे, येतोस का? दिवसाचे तीन रुपये मिळतील. अभ्यासाच्या वाटेला लागलेला हा मुलगा तीन रुपयांसाठीं मैदानावर गेला. पाणी नेऊन देणारा तो बारावा गडी पुढें दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धांवा काढतो, आणि १९७१ सालीं त्याच्या नेतृत्वाखालीं भारत वेस्ट इंडीजमध्यें व इंग्लंडमध्यें प्रथमच मालिका जिंकतो. वाडेकरांचा तो ३२४ धांवांचा विक्रम मोडला सेंट झेवियरच्या सुनील गावसकरांनीं, ३२७ काढून. पुढें रुईयाचे संदीप पाटील आले, पोदारचे दिलीप वेंगसरकर आणि रवि शास्त्री आले. दोरीबाहेर उभ्या असलेल्या वर्गमित्रांनीं यांना आधीं पाहिलें. देशानें नंतर पाहिलें.

शिवाय कॉलेजचा संघ हा मोठा चंचल असतो. तीन-चार वर्षांत सर्व गडी बदलतात. राहतें तें फक्त नांव. तरीही प्रेम टिकतें. ज्या संघांतला एकही खेळाडू आपल्या ओळखीचा नाहीं, त्याचा निकाल पन्नाशीच्या गृहस्थानें सकाळच्या वर्तमानपत्रांत शोधावा, हें चमत्कारिक खरें. पण आपण ज्या वास्तूंत विचार करावयास शिकलों, तिच्याविषयींची कृतज्ञता त्या शोधण्यांत असते.

आज या जिव्हाळ्याला ओहोटी लागली आहे, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९८८ सालीं आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी जोडीनें ६६४ धांवांची अभंग भागी केली. त्याच वर्षीं तेंडुलकर पंधराव्या वर्षीं रणजी सामना खेळले, आणि पुढच्या वर्षीं, सोळाव्या वर्षीं, कसोटी. असामान्य गुणाला कॉलेजच्या पायरीची वाट पाहावी लागली नाहीं, याचा आनंदच आहे. पण तेव्हांपासून ही पायरी गाळूनच जिना चढावा, अशी अनेक पालकांची समजूत झाली. २००८ पासून व्यावसायिक संघांचे झगमगाटी सामने आले. त्यांत पक्ष मिळतो तो जन्मानेंही नव्हे आणि प्रवेशपत्रानेंही नव्हे, तर लिलावानें. त्या खेळाचें कौशल्य मी कमी लेखीत नाहीं. जातीच्या भिंती तर तेथें उरल्याच नाहींत, हा त्याचा मोठाच गुण. पण लिलावाचा संघ आपल्याला प्रेक्षक करतो, सोबती करीत नाहीं.

श्रोतेहो, मनुष्य पक्ष धरल्याशिवाय राहत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तो पक्ष कशावरून धरावयाचा. या शहरानें तो रक्तावरून धरून पाहिला, आणि त्यांतला उत्साह व त्यांतला धोका दोन्ही अनुभवले. आतां पैशावरूनही धरून पाहत आहे. या दोहोंच्या मध्यें कॉलेजच्या अकरा गड्यांची एक साधी, गाजावाजा नसलेली परंपरा आहे. एकत्र शिकलों, म्हणून एकत्र खेळलों, म्हणून एकमेकांचे झालों, एवढाच तिचा हिशेब. नागरिकपणाची व्याख्या याहून फार वेगळी असेल असें मला वाटत नाहीं.

पाऊस सरत आला आहे. मैदानें वाळूं लागतील, सूचनाफलकावर कागद लागेल, आणि कोणी एक घाबरा मुलगा त्यावर आपलें नांव आहे का तें पाहावयास गर्दींत शिरेल. आपल्यापैकीं ज्यांनीं कधीं काळीं एखाद्या कॉलेजच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांनीं या हंगामांत एकदां तरी त्या दोरीपाशीं जाऊन उभें राहावें. खेळणाऱ्या मुलांचीं नांवें, आडनांवें ठाऊक नसलीं तरी हरकत नाहीं. किंबहुना ठाऊक नसलेलींच बरीं. टाळी वाजविण्यास तेवढी माहिती पुरे कीं, हीं आपलीं मुलें आहेत.